चौथी फेरी

सकाळचे साडेनऊ वाजले होते. नागपूरच्या शक्तिविद्युत संशोधन केंद्रातल्या चाचणी-कक्षात डॉ. विदुला कडव पाहुण्यांना आपलं काम दाखवत होती. पाहुण्या एकट्याच होत्या. डॉ. यास्मिन काझी, पदार्थविज्ञानातल्या जाणत्या, वय साठीच्या पुढे, कुणाच्या भिडेखातर मान न डोलावणाऱ्या. विदुलाच्या संशोधनाला देशभर परवानगी द्यायची की नाही, हे त्यांच्या अहवालावर ठरायचं होतं.

टेबलावर वहीच्या आकाराचं एक हिरवं कार्ड ठेवलेलं होतं. विदुलानं ते उचललं.

"हा द्वारवर्धक. कारखान्यातले लोक याला नुसतं कार्ड म्हणतात. मोठ्या मोटरची वीज शक्तिकळा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, उघडमीट करतात. उघड की मीट, हे संगणक सांगतो, पण त्याचा इशारा फार दुबळा. हजार अँपिअर अडवून बसलेली शक्तिकळ त्यानं हलत नाही. तो इशारा हे कार्ड घेतं, त्याला जोर देतं आणि कळेच्या दारावर नेमक्या क्षणी नेमका धक्का देतं. सेकंदाला काही हजार वेळा."

"हे जुनंच आहे," काझीबाई म्हणाल्या. "तुमचं नवं काय?"

"एका मोटरला कळ आणि कार्ड अशा बारा जोड्या असतात, खांद्याला खांदा लावून. पूर्वी सगळ्यांवर सारखा भार पडायचा. त्यात जी जोडी मुळात अशक्त, ती आधी जायची आणि यंत्र थांबायचं. माझी कार्डं एकमेकांशी बोलतात. थकलेल्याला भार कमी, ताज्याला जास्त. याला आम्ही समभार नियम म्हणतो. सुटी कार्डंसुद्धा कपाटात पडून राहत नाहीत, आळीपाळीनं कामाला लागतात. त्यामुळे सगळी एकाच गतीनं म्हातारी होतात. सालेटोल्याच्या खाणीत सात वर्षं झाली. एकही बिघाड नाही."

"एखादं थकत चाललंय हे कळतं कसं?"

"शेजाऱ्यांशी तुलना करून. फरक पडला की पडद्यावर लाल खूण येते."

"आणि सगळे शेजारी सारखेच थकले असतील तर?"

विदुलानं कार्ड टेबलावर ठेवलं. "शेवटची मर्यादा आहे ना. ती ओलांडली तर कार्ड स्वतःला कुलूप लावून घेतं. पण ती वेळ यायची नाही. आमच्या चाचण्यांप्रमाणे आयुष्य बारा वर्षांचं आहे. दहाव्या वर्षी सगळी एकदम बदलणार."

काझीबाईंनी पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात विदुलाचा फोन वाजला. सालेटोल्याहून सुखदेव बोपचे बोलत होते. खाणीतले जुने फोरमन. एरवी आधी तब्येतीची विचारपूस करायचे.

"मॅडम, वाइंडर बंद पडलं. बाराच्या बारा कार्डं एकदम. एक जळलं, बाकीच्यायनं कुलूप लावलं. आणीबाणीचं दुसरं वाइंडर चालू करून पाहिलं, ते बी दोन मिनिटांत बसलं. आन् आता पंखा बी घरघर करून राह्यला. खाली सदतीस माणसं हायेत. तुषारसाहेब बी खालीच हायेत."

तुषार म्हणजे तिचा नवरा.

*

सालेटोला ही मँगनीजची खाण, भंडाऱ्याच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला. सहाशेवीस मीटर खोल. खाली जायला एक उभी विहीर, तिच्यात तारदोरावर लटकलेला पिंजरा, आणि तो वरखाली करणारी मोटर, तेच वाइंडर. नऊ वर्षांपूर्वी विदुला तिथं पहिल्यांदा गेली, तेव्हा जुन्या पद्धतीचं एक कार्ड जळून पिंजरा अधांतरी अडकला होता. त्यात एक तरुण भूवैज्ञानिक अडीच तास लटकून होता. वर आला तो थेट तिच्यासमोर उभा राहून म्हणाला, "कार्ड बनवणारे तुम्हीच का? मग बाई, एकदा आमच्याबरोबर आत बसा, म्हणजे कळेल." ती खरंच बसली होती. पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं.

समभार नियमावर तिनं दोन वर्षं झोप उडवून काम केलं, ते पुरस्कारासाठी नव्हे. रोज सकाळी तो त्या पिंजऱ्यात पाय ठेवायचा आणि वर आल्याचा त्याचा निरोप येईपर्यंत तिचं कशात लक्ष लागत नसे, एवढंच त्याचं कारण. नवी कार्डं सगळ्यांत आधी सालेटोल्यालाच बसली. दोन्ही वाइंडरना आणि पंख्याला, आणि तिन्हींत ती आळीपाळीनं फिरत राहिली. त्या दिवसापासून तिनं निरोपाची वाट पाहणं सोडून दिलं होतं.

गाडीत काझीबाई तिच्या शेजारी बसल्या होत्या. मी येते, एवढंच म्हणाल्या होत्या. विदुलाच्या मांडीवर चाचणी-कक्षातलं ते एकुलतं एक कोरं कार्ड होतं. बाकीची कारखान्यात, पुण्याजवळ. तिथून बारा कार्डं दुपारच्या विमानानं निघणार होती, पण सालेटोल्याला पोचायला रात्र होणार होती.

"सगळी एकदम," विदुला पुटपुटली. "एक गेलं, त्याचा भार अकरांवर पडला. अकराही काठावरच उभी होती. म्हणून सगळीच गेली."

आपण विचारलेला प्रश्न आपल्याच कानांत वाजतोय, असा काझीबाईंचा चेहरा झाला होता.

*

वाइंडरघरात बोपचे वाट पाहत उभे होते. पंखा तासापूर्वी पुरता थांबला होता. सकाळच्या सुरुंगाचा धूर बाहेर ओढायला आता काहीच नव्हतं.

मोटर पुरती बंद असली की कार्डानं शेवटचं काम करताना मोजलेलं खरं वय त्याच्या स्मृतीतून वाचता यायचं. चालू मोटरवर पडद्याला फक्त तुलना दिसे, आणि ती तर सात वर्षं हिरवीच होती. विदुलानं स्मृती वाचली. अकराही कार्डांपुढे एकच आकडा. शिल्लक आयुष्य, शून्य.

तिनं जळलेलं कार्ड काढून कोरं बसवलं. आता नियम आपलं काम करणार होता. ताज्यावर जवळजवळ सगळा भार, थकलेल्या अकरांवर नावापुरता, म्हणजे त्यांची कुलपं उघडतील. हा नियम कार्डातच कोरलेला होता, कुणी छेडछाड करू नये म्हणून. बंद करायची सोय तिनंच ठेवली नव्हती.

"एक ताजं कार्ड बारांचा भार उचलणार," ती काझीबाईंना म्हणाली, "आणि झपाट्यानं म्हातारं होणार." तिनं कागदावर गणित मांडलं. मग पुन्हा मांडलं. काझीबाईंनी स्वतंत्रपणे करून पाहिलं. उत्तर तेच आलं.

तीन फेऱ्या.

पिंजऱ्यात बारा माणसं मावत. बारा त्रिक छत्तीस.

खालच्या तळावरचा फोन तुषारनंच उचलला. आवाज थोडा घोगरा होता.

"विदू? तू इथं आलीस?"

"आले. ऐक, पिंजरा चालू करतेय. बरोबर तीन फेऱ्या होतील."

"आणि चौथी?"

"नाही."

त्यानं कधीही तिचं एखादं वाक्य वाद न घालता मानलं नव्हतं. चहात साखर किती, इथपासून. आता मात्र त्यानं फक्त विचारलं, "एका फेरीला तेरा घेतले तर?"

"तर तिसरी फेरी वर पोचेलच असं नाही. वाटेत थांबली तर तेरा जण अडकतील."

"नक्की?"

"गणित दोघींनी वेगवेगळं केलंय, तुषार."

"बरं. बारा-बारा पाठवतो."

सदतिसावा कोण, हे तिनं विचारलं नाही. खाली सर्वांत वरिष्ठ तोच होता.

पहिली फेरी वर आली. काळवंडलेले, खोकणारे बारा चेहरे बाहेर पडले आणि अंगणात मिळेल तिथं बसले. बाहेर जमलेल्या बायकांनी नावं घेऊन हाका मारायला सुरुवात केली. दुसरी फेरी आली. त्यात दोघांना उचलून बाहेर काढावं लागलं. पिंजरा तिसऱ्यांदा खाली गेला, भरला, घंटी वाजली आणि तारदोर पुन्हा ताणला गेला. त्याच वेळी फोन वाजला.

"गेली तिसरी," तुषार म्हणाला. "कोडापे चढत नव्हता. म्हणत होता, साहेब, माझी पोरं मोठी झाली, तुम्ही जा. हात धरून आत ढकलला त्याला."

"तू आता कुठं आहेस?"

"तळावरच. इथं हवा त्यातल्या त्यात बरी आहे. ओला रुमाल बांधून इथंच बसून राहतो, असं म्हणतोय. कार्डं कधी येतील?"

"रात्री आठला. म्हणजे अजून सहा तास." तिच्यासमोरच्या पडद्यावर तळावरच्या विषारी वायूचा आकडा हळूहळू चढत होता. तिनं त्याचंही गणित केलं होतं. "सहा तास ती हवा टिकणार नाही. तीन, फार तर साडेतीन."

"मग राहिली शिडी."

हवा बाहेर टाकणारी दुसरी विहीर होती. तिच्यात वरपर्यंत लोखंडी शिडी होती, जुनी, वर्षानुवर्षं न वापरलेली. तिथं फोन नव्हता आणि वायरलेसही पोचत नसे.

"तिकडे धूर थोडा जास्त आहे," तुषार म्हणाला. "पण वर वर विरळ होत जाईल बहुतेक. काय म्हणतेस? थांबू की निघू?"

विदुलानं डोळे मिटले. पिंजरा येणार नाही. हवा टिकणार नाही. उरतं ते एकच.

"निघ," ती म्हणाली. "अंगात जोर आहे तोवर निघ. जितका उशीर, तितका धूर."

"विदू, पिंजरा खरंच..."

"नाही येणार, तुषार. माझ्याशी बोलण्यात वेळ घालवू नकोस. निघ."

"बरं," तो म्हणाला. "वर भेटू." आणि फोन ठेवल्याचा आवाज आला.

*

तिसरी फेरी वर पोचली. छत्तीस माणसं सुटली होती. अंगणात कुणी रडत होतं, कुणी पाण्याची बादली तोंडाला लावत होतं. कोडापे नावाचा पन्नाशीचा माणूस विदुलासमोर येऊन हात जोडून उभा राहिला. तिनं नुसती मान हलवली. तिचं लक्ष दूरच्या हवाविहिरीच्या तोंडाकडे लागलं होतं. नुकत्याच पोचलेल्या बचावपथकाचे चार जण तिथं वरून शिडी उतरायच्या तयारीत होते. शिडीचे वरचे टप्पे गंजून तुटलेले होते. ते दोर बांधत, एकेक टप्पा तपासत उतरणार होते.

वाइंडरघरात काझीबाई मोटर थांबल्यावर कार्डांची स्मृती उतरवून घेत होत्या. शास्त्रज्ञाची सवय, दुसरं काही नाही. दहा मिनिटांनी त्यांनी हाक मारली. सकाळपासून त्या 'तुम्ही' म्हणत होत्या. आता म्हणाल्या, "विदुला, इकडे ये. हे बघ."

नवं कार्ड मरणाच्या दारात असायला हवं होतं. त्याचं शिल्लक आयुष्य होतं सत्तेचाळीस टक्के.

"चुकलंय काहीतरी," विदुला म्हणाली.

"मलाही तसंच वाटलं. मग मी बाकीची अकरा पाहिली."

अकराही कार्डांपुढे आता शून्य नव्हतं. कुठं एकोणीस, कुठं बावीस, कुठं एकवीस. त्यांचं वय कमी झालं होतं.

विदुला त्या आकड्यांकडे पाहत राहिली. वय कमी होत नसतं. झीज भरून येत नसते.

"झीज नाहीच ती," काझीबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "म्हणजे सगळी नाही. कार्डातल्या, धक्का देणाऱ्या लहान कळेच्या दाराजवळ एक काचेसारखा पातळ थर असतो. सततच्या धक्क्यांनी त्याच्यात विद्युतप्रभार साचत जातो आणि कळ जड होते. तुझं कार्ड तो जडपणा मोजतं आणि त्यालाच वय म्हणतं. पण साचलेला प्रभार विसाव्यात ओसरतो. या अकरांना आज पहिल्यांदा विसावा मिळाला. सकाळपासून कुलपात होती, आणि नंतर तुझ्या नव्या कार्डानं सगळा भार उचलला म्हणून. ती ताजी झाली, तेव्हा नियमानं त्यांच्याकडे भार परत वळवला. दुसऱ्या फेरीपासूनच ती मदत करत होती."

"सात वर्षांच्या नोंदींत हे कुठंच दिसलं नाही."

"कसं दिसेल? सात वर्षांत एकाही कार्डाला क्षणभर विसावा मिळाला होता का? तुझ्या नियमात विसावा नाहीच. सुटी कार्डंही तू फिरती ठेवलीस. प्रयोगशाळेतल्या चाचण्या किती वाजता बंद व्हायच्या?"

"संध्याकाळी सहाला," विदुला म्हणाली. मग तिला कळलं. तिथं कार्डं रोज रात्रभर विसावत होती, म्हणून बारा वर्षं. इथं अहोरात्र राबत होती, म्हणून सात.

पण ते सगळं नंतर. आत्ता तिच्या डोक्यात एकच गोष्ट लख्ख झाली होती.

"चौथी फेरी होईल," ती म्हणाली. आणि मग ओरडली, "बोपचे, पिंजरा सोडा! चौथी फेरी होते आहे!"

तिनं तळावरचा फोन लावला. तो वाजत राहिला. बचावपथकातले आणखी दोघे वाइंडरघराबाहेरच उभे होते. बोपचे त्यांना घेऊन श्वासनळकांड्यांसह पिंजऱ्यात चढले. निवृत्तीला पाच महिने राहिलेल्या माणसाला कुणी अडवलं नाही. पिंजरा गेला. विदुलानं फोन कानाशी धरूनच ठेवला होता. पलीकडे, सहाशेवीस मीटर खाली, रिकाम्या तळावर घंटी वाजत होती आणि ती इथं बसून मोजत होती. त्याला निघून किती झालं. बावीस मिनिटं. तो शिडी भराभर चढतो. डोंगर तुडवणारा माणूस. तीच म्हणाली होती, उशीर करू नकोस.

फोन उचलला गेला.

"तुषार?"

"मी बोपचे, मॅडम. इथं कोनी नाई. साहेबाची टोपी दिव्याच्या खुंटीले लावून हाये. इथली हवा... इथली हवा बरी हाये, मॅडम. बसून राह्यले असते तर... आमी शिडीकडे चाललो."

तुषार सापडला तो ऐंशी मीटर उंचीवरच्या टप्प्यावर. पंखा थांबल्यावर सगळा गरम धूर त्याच विहिरीतून वर चढत होता. वर विरळ होईल असं त्याला वाटलं होतं, पण तो वर दाटच होत गेला. एक हात पुढच्या पायरीवर होता. बोपच्यांनी आपली नळी त्याच्या तोंडाला लावून पाहिली, पुष्कळ वेळ लावून ठेवली. मग तिघांनी त्याला दोरानं बांधून खाली तळावर आणलं.

घंटी वाजली. वाइंडर चालवणाऱ्या माणसानं विदुलाकडे पाहिलं. चौथी फेरी आता वर यायची होती. आत कोण कसं आहे, ते घंटीच्या ठोक्यांवरून त्याला कळलं होतं. खाणीत जखमीसाठी वेगळे ठोके असतात आणि याच्यासाठी वेगळे.

"मॅडम, तुम्ही बाहेर जाता का?"

"नाही," ती म्हणाली. "चालवा. सावकाश आणा."

सहा मिनिटं मोटरचा आवाज एकसुरी, गुळगुळीत येत राहिला. कुठंही अडखळला नाही. बाराही कार्डं हिरवी होती.

*

चौकशी समितीपुढे विदुला तीन आठवड्यांनी उभी राहिली. त्याआधी तिनं देशातल्या सगळ्या ठिकाणांना स्वतः कळवलं होतं. दर बारांपैकी एका कार्डाला आळीपाळीनं पूर्ण दिवस बंद ठेवा, आजपासून. काझीबाईंनी मोजून सांगितलं होतं, एवढ्यानं आयुष्य दुपटीनं वाढेल. आणि सगळी एका दिवशी मरणार नाहीत.

समितीचे अध्यक्ष खाणसुरक्षेत केस पांढरे झालेले, समंजस गृहस्थ होते. त्यांनी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं. सगळं विचारून झाल्यावर समोरची फाईल मिटून ते म्हणाले, "डॉक्टर, एक गोष्ट नोंदीत असावी म्हणून बोलतो. तुमच्यामुळे छत्तीस माणसं वाचली. आणि तीन फेऱ्यांचं तुमचं उत्तर, त्या वेळी हातात असलेल्या माहितीवर, अगदी बरोबर होतं. दुसऱ्या कुणीही तेच दिलं असतं."

मागच्या बाकावर बोपचे आणि कोडापे शेजारी शेजारी बसले होते. कोडापे जमिनीकडे पाहत होता.

"हो, बरोबर होतं," विदुला म्हणाली. "मला ठाऊक आहे. मी पुन्हा पुन्हा मांडून पाहिलंय."

अध्यक्षांनी फाईल पुन्हा उघडली. तिला आणखी काही बोलायचं आहे, हे त्यांना दिसत होतं.

"तो माझं कधी ऐकायचा नाही," ती म्हणाली. "कुठल्याच गोष्टीत नाही. त्याला तिथंच बसून राहायचं होतं. मी नुसतं 'मला माहीत नाही' म्हटलं असतं ना, तर तो बसून राहिला असता."

लघुलेखकानं वर पाहिलं. हे लिहायचं का, असं त्याच्या नजरेत होतं.

"लिहा," विदुला म्हणाली. "हेही लिहा."